ऐकू आलं, सर

मला टक् ऐकू येत नाहीये, असं मी म्हटलं, आणि खाटेभोवतीचे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी भर वर्गात शिवी दिली होती. वाक्य साधं होतं. खाटेवरच्या काकांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवलेला होता, ठोके दबके, जाड रजईखालून यावेत तसे येत होते, आणि ज्या आवाजासाठी आम्हाला त्या खाटेपाशी रांगेत उभं केलं होतं तो आवाज येत नव्हता. काकांच्या हृदयात धातूची झडप आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेली. अशी झडप मिटते तेव्हा टक् असा खणखणीत आवाज होतो, डबीचं झाकण लागावं तसा. आमच्या वॉर्डाच्या सरांचा हा आवडता पेशंट. परीक्षा असली की काकांना निरोप जायचा, काका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, आणि परीक्षकांच्या पुढ्यात छाती उघडून बसायचे. सर त्यांना 'आमचं घड्याळ' म्हणत. काकाही हसत. आयुष्यभर लेथ मशीनवर काम करून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते घड्याळ त्यांना स्वतःला कधीच ऐकू आलं नव्हतं. या वेळी मात्र ते परीक्षेसाठी आले नव्हते. त्यांना धाप लागत होती. फोटोत छाती भरलेली दिसली, न्यूमोनिया म्हणून सलाइनमधून औषध सुरू झालं, आणि वॉर्डात आलेच आहेत तर नव्या पोरांना टक् ऐकवू, असं सरांनी ठरवलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज कसा, कधी, कुठे येतो ते आम्हाला तोंडपाठ सांगितलं, आणि स्वतः न ऐकता आपला स्टेथोस्कोप पहिल्याच्या हातात दिला. हे मी बघितलं होतं. सरांनी ऐकलंच नव्हतं.

मग एकेक जण वाकत गेला. "आला?" "हो, सर." "स्पष्ट?" "एकदम, सर." एकाने तर डोळे मिटून मान डोलावली, मैफलीत बसल्यासारखी. माझी पाळी शेवटून दुसरी. मी ऐकलं, जागा बदलून ऐकलं, काकांना किंचित पुढे वाकवून ऐकलं, आणि जे होतं ते सांगितलं. सरांनी चष्मा वर सारला. मग म्हणाले, "सगळ्यांना ऐकू येतंय, एका डॉक्टरबाईंना येत नाही. कानात कापूस घालून आलात का?" सगळे हसले. सर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. "जा, कान-नाक-घशाच्या विभागात जाऊन कान तपासून घे. त्याशिवाय माझ्या राउंडला उभं राहायचं नाही." मी स्टेथोस्कोप माझ्यामागे उभ्या असलेल्या चिमणीच्या हातात दिला. चिमणी म्हणजे माझी मैत्रीण, खोलीतली जोडीदारीण. होस्टेलमध्ये बोलायला लागली की थांबत नाही म्हणून हे नाव. दाराशी पोचेपर्यंत मला तिचा आवाज ऐकू आला. "हो, सर. आला."

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये फरशी पुसून नुकतीच ओली केलेली होती आणि फिनेलचा वास घशात बसत होता. मी भिंतीशी उभी राहिले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझा स्वतःचा स्टेथोस्कोप माझ्याच छातीवर लावला. सगळं स्वच्छ ऐकू आलं, घाबरल्यामुळे जरा घाईतच चाललेलं. म्हणजे कान शाबूत होते. तरीही मी तीनतीनदा ऐकत राहिले. याचीच मला नंतर सगळ्यात जास्त चीड आली. एवढी वर्षं शिकून, परीक्षा देऊन, रात्री जागून मी डॉक्टर झाले, आणि एका माणसाने हसत एक वाक्य टाकलं की मी माझे कान तपासायला लागले. त्याने ऐकलं का नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. या इमारतीत शंका नेहमी खालच्या पायरीवरच येते. वर कधी चढतच नाही.

लहानपणी माझ्या धाकट्या भावाच्या शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. भिंतीवर तक्ता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारी. भाऊ रांगेत बराच मागे होता. पुढची मुलं मोठ्यांदा वाचत होती, त्याने ऐकून ऐकून सगळ्या ओळी पाठ केल्या, आणि पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवल्या. कागदावर लिहून आलं, दृष्टी उत्तम. पुढे किती तरी महिने तो फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीत बघून उतरवत होता, आणि घरी त्याला अक्षर वाईट म्हणून बोलणी बसत होती. एके दिवशी त्याने समोर उभ्या असलेल्या हातगाडीवर सायकल घातली तेव्हा उलगडा झाला. बाबा त्याच्या गुडघ्याला औषध लावत विचारत होते, "अरे, दिसत नव्हतं तर सांगायचं नाही का?" तो रडत म्हणाला, "सगळ्यांना दिसत होतं ना." बाबांनी त्याला मारलं नाही. ते तक्तेवाल्यांवर चिडले. पोराला रांगेत उभं करून, सगळ्यांच्या देखत, तोच तक्ता पुन्हा पुन्हा वाचायला लावता, मग ते पाठ म्हणणार नाही तर काय करणार, असं ते दोन दिवस घरात बडबडत होते. आम्ही सगळे तेव्हा त्यांना हसलो. आता कॉरिडॉरमध्ये उभं असताना मला बाबांचा तो राग जसाच्या तसा समजला. 

जिन्यात चिमणी भेटली, रिपोर्ट आणायचं निमित्त काढून माझ्याच मागे आली होती. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "रडलीस की काय? वेडी आहेस का तू? मलाही नाही आला आवाज."

मी तिला विचारलं, "मग हो का म्हणालीस?"

"अगं, सगळेच म्हणत होते. मला वाटलं, माझंच चुकत असेल, जागा नीट सापडली नसेल. आणि खरं सांगू? त्या लांब्यालाही नाही आला, आत्ता म्हणाला मला. डोळे मिटून मान हलवत होता ना, तो. पण तुला काय पडलं होतं बोलायचं? हो म्हणायचं, पुढच्या खाटेवर जायचं. आता वर्षभर तुझ्यावर डूख धरतील."

"चिमणे, कोणालाच नाही आला म्हणजे काय, कळतंय का तुला?"

"काय?"

"आवाज नाहीये. धातूच्या झडपेचा आवाज जातो कधी? पुस्तकात काय लिहिलंय?"

तिला येत होतं ते. आम्हा सगळ्यांना येतं. झडपेवर रक्ताची गुठळी बसली की ती नीट मिटत नाही, आवाज दबतो, मग जातो, माणसाला धाप लागते, आणि छातीच्या फोटोत ते न्यूमोनियासारखंही दिसू शकतं. लेखी परीक्षेत यावर आम्ही पान भरून लिहिलं असतं. चिमणीचा चेहरा उतरला. "पण सर म्हणाले ना, आहे म्हणून," असं ती पुटपुटली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मूर्ख नव्हती. वर्गात माझ्यापेक्षा नेहमी पुढे. पण तिच्या डोळ्यांपुढे एक धापा टाकणारा माणूस होता, डोक्यात पानभर उत्तर होतं, आणि दोघांच्या मध्ये सर उभे होते.

मी कान तपासायला गेले नाही. वॉर्डात परत गेले, राउंड संपून तिथे पांगापांग झाली होती. काका उशांना टेकून बसले होते, आडवं होववत नव्हतं त्यांना. मी पुन्हा ऐकलं, या वेळी माझ्या स्टेथोस्कोपने. टक् नव्हतं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून विचारलं, "काका, रक्त पातळ व्हायची गोळी घेता ना रोज?" ते हसले आणि बोटाने गाल बाजूला ओढून मला एक रिकामी जागा दाखवली. दाढ काढली होती. "दातवाल्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितली ना! रक्त थांबायला नको का?" "मग पुन्हा सुरू कधी केली?" ते जरा विचारात पडले. "सुरू करा असं कुणी म्हटलं नाही, पोरी." अशा झडपेच्या माणसाने ही गोळी सोडायची नसते, हे आम्ही रोज घोकतो. आणि काका आल्यापासून त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण काकांना सगळे ओळखत होते. ते घड्याळ होते. घड्याळाला कोण काय विचारतो?

सीनियर निवासी डॉक्टर औषधांच्या खोलीत उभ्या उभ्या टोस्ट खात होता. वाईट माणूस नाही. झोपेअभावी डोळे लाल, शर्टाची बाही शाईने माखलेली. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, हृदयाची सोनोग्राफी आत्ताच्या आत्ता करायला हवी, चिठ्ठीवर तुझी सही दे. तो म्हणाला, "सकाळी सरांनी आवाज आहे म्हणून शिकवलंय. आणि दुपारी मी आवाज नाही म्हणून सोनोग्राफीला पाठवू? माझी परीक्षा या वर्षी आहे, बाई." मी म्हटलं, "तू स्वतः ऐक ना." तो आला, ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरांना विचारून घे."

सर खाली तळमजल्यावर होते. तिथे त्या दिवशी नव्या प्रशिक्षण कक्षाचं उद्घाटन होतं. आमचं शिक्षण सुधारावं म्हणून परदेशातून रबराचा माणूस मागवला होता. त्याचं हृदय बटण दाबलं की हवं तसं वाजे. खोलीला नवा रंग, नवे पडदे, भिंतीवर फलक, आणि खुर्च्यांवर बसून सगळे वरिष्ठ सुधारणेवर बोलत होते. विद्यार्थ्यांना रुग्णाभिमुख करायचं, विचार करायला शिकवायचं, वगैरे वगैरे. मी दारात उभी होते तेव्हा सर रबरी छातीवर नळी ठेवून पाहुण्यांना झडपेचा आवाज ऐकवत होते. "ऐकू आला?" पाहुणे म्हणाले, "वा! अगदी स्पष्ट." येणारच. बटण दाबलेलं होतं. त्या माणसाच्या छातीत हो सोडून दुसरं उत्तर नव्हतंच, आणि आम्हाला अजून अशाच माणसांवर शिकवणार होते. बटण न दाबता पोरांना तिथे उभं करा, मी मनात म्हणत होते, आणि बघा किती जण नाही म्हणतात. एक जण जरी म्हणाला तरी तुमचे पैसे वसूल.

मी पुढे होऊन सरांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी पाहुण्यांकडे बघत, ओठांवरचं हसू तसंच ठेवून, दातांतून विचारलं, "कान तपासलेस?" "सर, काकांनी गोळी बंद केली होती. दाढ—" "इथे समारंभ चालू आहे, दिसत नाही? मी संध्याकाळी बघेन." आणि मला तिथून जायची खूण केली.

चारच्या सुमारास काकांचे ओठ निळे पडले. तेव्हा मग सगळे धावले, सीनियर सगळ्यांत पुढे. सहीही झाली, सोनोग्राफीही झाली, पडद्यावर झडपेची एक पाकळी जागच्या जागी अडकलेली दिसली, ऑपरेशनच्या खोलीपर्यंत मी खाटेचा दांडा धरून पळत गेले. काकांनी माझा हात धरला होता. त्यांना काही ऐकू जात नव्हतं म्हणून मी बोलले नाही, नुसती मान हलवत राहिले, सगळं ठीक होईल अशा अर्थाने. माझ्याही मानेला तीच सवय. टेबलावरच गेले ते.

आठवड्याने मृत्यूंची बैठक झाली. दर महिन्याला होते. विभागात जे दगावतात त्यांच्यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं, चुकलं असेल तर शिकायचं, असा तिचा हेतू. उतरत्या बाकांची जुनी खोली, पुढे वरिष्ठ, मागे आम्ही. तो आठवडाभर मला धड जेवण गेलं नव्हतं. आंघोळ करताना, टाके घालताना, बसमध्ये दांडा धरून उभी असताना मला तो हात जाणवायचा, लेथने घट्टे पाडलेला, आणि घट्ट्यांच्या मधली मऊ कातडी. चिमणी खोलीत माझ्याशी जपून बोलायची, न विचारता चहा आणून द्यायची. मला तो चहा नको असायचा. मला तिच्यावर रागवायचं होतं आणि राग तिच्यापाशी ठरत नव्हता, तिला ओलांडून पुढे जात होता. मी एकच गोष्ट मनाशी धरून होते. काका न्यूमोनियाने किंवा नशिबाने गेले असं कुठेही म्हटलं जाता कामा नये. ते सकाळी वाचू शकले असते, आणि हे त्या खोलीत कुणी तरी म्हणायला हवं.

सर बोलायला उठले. छान बोलतात. मुद्देसूद, खालच्या आवाजात, दुःखही योग्य तेवढं. म्हणाले, हा रुग्ण मला फार जवळचा होता. त्या दिवशी सकाळीच आम्ही त्याला तपासलं होतं. झडपेचा आवाज व्यवस्थित होता, माझ्या राउंडवरच्या सगळ्या मुलांनी तो स्वतंत्रपणे ऐकला आहे. याचा अर्थ गुठळी त्यानंतर, काही तासांत, अचानक झाली. अशा वेळी कुणाच्या हातात काही नसतं.

स्वतंत्रपणे! मला वाटलं मी ओरडले, पण ओरडले नव्हते, नुसती बाकाची कड घट्ट धरली होती. रांगेत उभं करून, उत्तर आधी सांगून, हसवून, भिववून काढलेले ते होकार सरांनी एकावर एक रचले होते आणि त्यांच्या मागे ते उभे होते. आम्ही भीतीपोटी बोललो ते इथे पुरावा झालं होतं.

मग ऑपरेशन केलेल्या सर्जनबाई उठल्या. कमी बोलतात त्या. त्यांनी पडद्यावर झडपेचा फोटो लावला. पाकळीभोवती पांढरट, चिवट, कडेने बुरशीसारखं चिकटलेलं काहीतरी. "ही गुठळी ताजी नाही," त्या म्हणाल्या. "ताजी लाल असते, बोटाने निघते. ही मला कापून काढावी लागली. आठवड्याची असेल, जास्तच. झडप त्या दिवशी सकाळी वाजणं शक्य नव्हतं." आणि सरांकडे वळून, अगदी साधेपणाने, "कुणी ऐकली म्हणालात?"

 मी उभी राहिले.  मी म्हटलं, "मॅडम, मला ऐकू आली नव्हती. मी तेव्हाच सांगितलं होतं."

सर माझ्याकडे वळले. ते चिडले नव्हते, उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ही एकटी. हिचा तेव्हाही काहीतरी घोटाळा झाला होता. बाकीच्यांना विचारा ना."

शेजारी चिमणी मांडीवर हात दाबून बसली होती. माझ्या मनात आलं, हिला उभी करते. जिन्यात काय म्हणालीस ते सांग सगळ्यांसमोर. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावणं म्हणजे काय हे मला त्या वेळी सगळ्या जगात सगळ्यात चांगलं माहीत होतं, आणि ते मला करायचं नव्हतं. गरजही नव्हती. तो पांढरट चिवट तुकडा पडद्यावर होता.

"तुम्हीच विचारा, सर," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत की ते हो म्हणतील."

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही. इतकी वर्षं त्यांनी विचारलं होतं आणि इतकी वर्षं उत्तर आलं होतं. ते मागच्या बाकांकडे वळले, नेहमीसारखा चष्मा वर सारला, आणि एकेकाकडे बोट करत गेले. "तुला ऐकू आली होती?" "हो, सर." "तुला?" "हो, सर." लांब्याने मान खाली घालून, पण म्हटलं. पहिल्या दोन-तीन होकारांना सरांचा चेहरा सैल होत गेला. पुढे मात्र पुढच्या रांगेतले वरिष्ठ एकेक करून मागे वळून आमच्याकडे बघायला लागले, मग पडद्याकडे, मग सरांकडे. कुणी तरी खाकरलं. सर्जनबाईंनी हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला. सर थांबू शकले असते. कुणी तरी त्यांना थांबवायला हवं होतं, पण त्यांनी आजवर कुणाला तेवढं शिकवलंच नव्हतं. शेवटी बोट चिमणीवर आलं.

"तुला?"

ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "हो, सर," ती म्हणाली. "आली होती."

"बसा सगळे," सर्जनबाई म्हणाल्या.  मी बसले नाही.